झाकणाच्या आतलं नाव

बिलोलीत टीव्ही बिघडला की लोक दुकान शोधत नाहीत, नासिरभाई आज कोणत्या गल्लीत हायेत ते विचारतात. बसस्टँडच्या मागं त्यांचं एका शटरचं दुकान आहे, पण माणूस तिथं कमी आणि लोकांच्या घरात जास्त. खांद्याला पिशवी, पिशवीत पेचकस, मीटर, टेप. आणि कानावर एक बुटकी पेन्सिल. सुतार नाहीत, तरी पेन्सिल.

त्या पेन्सिलीचं काम एकच. टीव्ही दुरुस्त झाला की मागचं झाकण बसवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला ते कागदाची एक पांढरी पट्टी चिकटवतात. तिच्यावर तारीख टाकतात आणि पुढं नाव लिहितात, नासिर. पुढच्या वेळी उघडलं की खाली दुसरी तारीख, पुन्हा नाव. एकदा मी विचारलं होतं, "भाई, झाकणाच्या आत कोण वाचायला जातंय?" तर म्हणाले, "मी वाचतो ना ताई. नाव हाय म्हंजे त्या टीव्हीचा जिम्मा माझा. ईदच्या दिवशी बंद पडला तरी मी जाणार." आणि जातात. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी ठेवून लोकांच्या सेटटॉप बॉक्सची वायर जोडायला गेलेला माणूस मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय.

मी गुणा. सातवीपर्यंत शाळा, पुढचं शिक्षण तहसीलच्या बाकावर लोकांचे अर्ज लिहून लिहून झालं. नासिरभाईंच्या गल्लीत माझं रोजचं जाणं आहे, म्हणून हे सगळं माझ्या समोर घडलं. ऐकीव यातलं काही नाही.

अशा पट्टीवरचं सगळ्यात जुनं नाव भाईंचा दोस्त बालाजी याच्या घरात आहे. चौऱ्याण्णव साली बालाजीच्या वडलांनी रंगीत टीव्ही घेतला आणि तो महिन्यात बंद पडला. नासिरभाई तेव्हा नवे. म्हातारा म्हणे, नांदेडहून कारागीर आणू. बालाजी अडून बसला, "माझा दोस्त हाय, तोच उघडंल." उघडला आणि चालू केला. तो डबा कधीच भंगारात गेला. पण बालाजीनं नवा टीव्ही घेतला की नासिरभाई कोणी न बोलावता जातात, झाकण उघडतात, पट्टी चिकटवतात आणि सगळ्यात वर लिहितात, '१९९४ पासून. नासिर.' बालाजीची बायको हसायची. म्हणायची, "नव्या टीव्हीचा बी खतना करून राहिले का भाई?" सगळे हसायचे. असं घर होतं ते त्यांच्यासाठी.

बालाजीची शेती गावाकडं, सोयाबीन अन् हरभरा. लेकरांच्या शाळेसाठी बिऱ्हाड बिलोलीत, नासिरभाईंच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. त्याची पोर तनुजा आणि नासिरभाईंची उजमा एकाच वर्षी बारावी झाल्या. दोघींना डॉक्टर व्हायचं. तनुजाला बालाजीनं लातूरला धाडलं, मोठ्या क्लासला, होस्टेलवर. क्लासचं नाव मी लिहीत नाही, लातूरला क्लास काही एक नाही. दोन महिन्यांत पोर वाळून परत आली. जेवण जात नव्हतं, झोप येत नव्हती. मग क्लासनं एक टॅब दिला, त्यात सगळे तास. घरी बसून बघ, दर रविवारी टेस्ट दे. उजमाला लातूर परवडणारं नव्हतं. ती सरकारी वाचनालयातली पुस्तकं घेऊन घरीच बसली होती.

आता नीट ऐका, कारण पुढं सगळं यावरच आहे. टॅब घेऊन बालाजी स्वतः नासिरभाईंच्या दारात आला. मी तिथं चहा पीत होते.

"नासिर, या फळीवर बारीक अक्षरं बघून पोरीचे डोळे दुखून राहिलेत. तुझ्या मोठ्या टीव्हीवर लागतंय का हे?"

"लागतंय ना. टॅब अन् टीव्ही एकाच वायफायवर पाहिजे, बस."

"मग लाव. एकटी बसली की तिला झोप येती. उजमासंगं बसंल. तुझी पोर बी बघंल, तेवढंच तिचं भलं."

हे शब्द बालाजीचे. मी शपथेवर सांगीन.

नासिरभाईंचा टीव्ही त्रेचाळीस इंची, कुणीतरी मोडीत टाकलेला आणून त्यांनी आतले दिवे बदलून उभा केलेला. पहिल्या दिवशी भाईंनी टॅबवर बोट टेकवलं, यादीत दोन टीव्हींची नावं आली, दोन्ही सारखीच. त्यांनी वरचं दाबलं. आमचा टीव्ही तसाच काळा. टॅबवर मात्र सर बोलून राहिले. "आवाज हाय, चित्र कुठं गेलं?" म्हणेपर्यंत शेजारच्या भिंतीपलीकडून किंकाळी. शेजारची साखराबाई मालिका बघत बसली होती. तिला मालिकेसाठी आपल्या वायफायचा पासवर्ड भाईंनीच दिलेला. मालिकेत सासू बोलायला तोंड उघडती तोच पडद्यावर चिरलेला बेडूक, चारी पाय ताणून टाचण्या मारलेला.

साखराबाई पदर खोचून दारात. "नासिऱ्या! माझ्या घरात बेंडकी सोडलीस?"

"चाची, चुकून गेली."

"चुकून? तिचं काळीज दिसून राहिलं व्हतं रे! आता मी रातच्याला काय जेवू?"

पोरी लोळून लोळून हसल्या. भाईंनी दोन्ही टीव्हींची नावं बदलून टाकली. एक 'उजमा', दुसरा 'साखराबाई'.

गल्लीतल्या आणखी चौघी आल्या. त्यात पुनम होती, जिची आई माझ्यासोबत पेन्शनच्या अर्जासाठी फिरायची. दुपारी एक ते पाच ती खोली म्हणजे वर्ग. रईसाभाभी, भाईंच्या घरवाल्या, त्या चार तासांत मिक्सर लावायच्या नाहीत. मसाला पाट्यावर वाटायच्या, तोही अंगणात. पोरी सरांना हात वर करून प्रश्न विचारायच्या आणि सर थांबायचे नाहीत म्हणून चिडायच्या. मग उजमा टॅब थांबवायची आणि ती सांगायची. तिला कळलेलं असायचं.

एक गोष्ट आणखी झाली. टेस्टचा पेपर आणि उत्तरं क्लास पालकाच्याच नंबरवर पाठवायचा. बालाजी शेतात, फोन त्याच्या खिशात, पोरी इथं खोळंबलेल्या. मग बालाजीच म्हणाला, माझं व्हॉट्सअॅप टॅबमधी बी टाक. भाईंनी जोडून दिलं. तेव्हापासून बालाजीला आलेला प्रत्येक मेसेज तासाच्या मध्ये टीव्हीच्या डोक्यावर झळकायचा. हृदयाचे चार कप्पे चालू आणि वर 'सोयाबीन आजचा भाव'. पेशीचं विभाजन आणि वर कुणाच्या तरी मामांचे फूल टाकलेले शुभ सकाळ. एकदा बालाजीच्या मेव्हण्याचा आला, 'दाजी, म्हैस व्याली.' पोरींनी टाळ्या वाजवल्या. बालाजीला सांगितलं तर तोही हसला. मग तो विसरला. आम्हीही विसरलो.

दिवाळीनंतर बिनसलं. रविवारी तनुजा टॅबवर टेस्ट द्यायची, बाकीच्या वहीत सोडवायच्या, सोमवारी उत्तरं आली की एकमेकींच्या वह्या तपासायच्या. त्या सोमवारी बालाजी दारात उभा होता आणि नासिरभाई, भोळा माणूस, आनंदानं त्याला ओरडून म्हणाले, "बालाजी, आपल्या उजमाला आज तनुजापेक्षा सत्तर जास्त पडले!"

'आपल्या' म्हणाले ते. त्यांना वाटलं घरातली गोष्ट आहे. बालाजी म्हणाला, "हाव का? चांगलं हाय." चहाचा कप अर्धा ठेवून गेला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. बाराशे अर्ज लिहिलेली बाई मी, साहेबाच्या भुवईवरून फाईल कुठं अडली ते ओळखते, आणि एक अर्धा कप मला वाचता आला नाही.

जानेवारीत एक दिवस टॅब उघडला तर आधी लाल चौकट, 'हा टॅब केवळ नोंदणीकृत विद्यार्थिनीने वापरावा. सामूहिक वापर आढळल्यास सेवा बंद करण्यात येईल.' पोरी गार. भाईंचा चेहरा उतरला. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा मे महिन्यात. उजमाच्या हातात दुसरं काहीच नाही. हा टीव्ही गेला की तिचा क्लास गेला.

संध्याकाळी बालाजी आला. भाईंच्या शेजारी बसला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "कुणीतरी सांगितलं असंल रे. गल्लीत बाया लई बोलत्यात. ज्यांच्या घरात बेंडकी गेली त्यांचा राग कुठं गेला असंल का अजून?"

एवढं पुरलं मला. मी उठले आणि साखराबाईच्या दारात जाऊन तिचा उद्धार केला. पोरींचं चांगलं बघवत नाही, मालिका बघून बघून डोकं सडलं, काय काय बोलले. चार घरचे लोक बाहेर आले.

म्हातारी चौकटीला धरून उभी होती. रडली नाही. म्हणाली, "गुणे, मला फोन उचलता येतो, लावता येत न्हाई. लातूरला कोणत्या बोटानं सांगितलं असंल मी?" आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथंच होते. सव्वातीन वाजलेले. सर मूत्रपिंड शिकवत होते. पडद्याच्या डोक्यावर मेसेज आला. त्रेचाळीस इंचांवर, चष्मा नसताना मला वाचता आला. क्लासकडून होता.

'श्री. बालाजी, आपण काल फोनवर केलेल्या तक्रारीनुसार, नासिर टीव्ही मेकॅनिक यांच्या घरी चालणारा गैरवापर थांबवण्यासाठी सदर टॅब आज सायं. ५ वाजता बंद करण्यात येत आहे.'

तो फोनवर बोलला होता. त्यांनी लेखी उत्तर दिलं. त्याला वाटलं बोललेलं हवेत जातं.

मेसेज काही क्षण राहिला आणि वर सरकून गेला. मूत्रपिंड तसंच. नासिरभाई दारात उभे होते, हातात कुणाचा तरी रिमोट, उघडलेला. तनुजा टीव्हीकडं बघत होती, मान फिरवायला तयार नाही, कारण फिरवली तर कुणाच्या तरी तोंडाकडं बघावं लागणार. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला ठाव नव्हतं," म्हणाली. "आईशप्पथ, उजमा, मला ठाव नव्हतं."

मी उठलेच होते. चपलेत पाय घातला होता. आणि उजमानं घड्याळाकडं बघितलं.

"पाचला हाय ना? अजून पावणेदोन तास हायेत." तिनं टॅबवरचा तास मागं सरकवला, सर पुन्हा मूत्रपिंडापासून. "पुनम, वही काढ. तनुजा, तू बी."

पोरींनी लिहिलं. रडत रडत लिहिलं, पण लिहिलं. रईसाभाभी आतून आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मूत्रपिंडाचा तास ऐकला. पाचला दोन मिनिटं कमी असताना सर म्हणत होते, "आता पुढचा मुद्दा लक्षपूर्वक ऐका." टीव्ही काळा झाला. पुढचा मुद्दा काय होता ते कुणालाच माहीत नाही.

सकाळी बालाजी आला. हातात टाइप केलेला कागद. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"नासिर, क्लासला द्यायला तुझी एक सही पाहिजे व्हती."

"आधी आत तर या बालाजीराव," मी म्हणाले. "बायांच्या नावानं बोलायला परवा बरं आत आले व्हते."

"गुणाताई, तुम्ही मधी पडू नका. आमचं दोघांचं हाय."

"दोघांचं व्हतं तर तिसऱ्याला फोन कशाला लावला?"

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. "नासिर, मी टॅब बंद करा म्हणलो नव्हतो रे. बाकीच्या पोरी बंद करा म्हणलो. त्यांनी सगळंच बंद केलं. तनुजा कालपासून जेवली न्हाई."

"बाकीच्या म्हंजे उजमा," नासिरभाई म्हणाले.

"तुझी पोर हुशार हाय. तिला कुठून बी मिळंल. माझीला ढकलत न्यावं लागतं."

"मग मला सांगायचं. नासिर, उद्यापासून तनुजा येणार न्हाई, एवढंच. मी कारण विचारलं असतं का?"

"तोंडानं बोलता आलं न्हाई."

"फोनवर आलं."

कागद मी त्याच्या हातातून ओढला आणि मोठ्यानं वाचला. 'मी नासिर, माझ्या मुलीच्या फायद्यासाठी तनुजाचा टॅब माझ्या घरी ठेवून घेत होतो. चूक कबूल आहे. यापुढे सदर टॅब माझ्या घरात येणार नाही. कृपया तिची सेवा पूर्ववत करावी.' ठेवून घेत होतो! चोर ठरवलं होतं माणसाला, आणि त्याच्याच सहीनं. वर आपल्याच पोरीचा क्लास नासिरभाईंनी आपल्या हातानं कायमचा बंद करायचा. मी म्हणाले, सही करायची नाही, उद्या लातूरला जाऊन क्लासच्या दारात बसते, माझी पन्नास माणसं आणते.

"ताई," भाई म्हणाले, "तुमच्या बसण्यानं तनुजाचा टॅब चालू व्हईल का?"

होणार नव्हता.

उजमा आतून आली. कागद वाचला, घडी केला आणि बालाजीला परत दिला. "काका, हे खोटं हाय. मी दुसरं लिहिते." जमिनीवर बसून तिनं वहीचा कागद फाडला आणि लिहिलं. तनुजा आमच्याकडं अभ्यासाला येत होती, तिच्यासोबत आम्हीही बसत होतो. यापुढं बसणार नाही. तिचा टॅब चालू करावा. एवढंच. "अब्बा, सही करा. तिचं काय चुकलं त्यात?"

भाईंनी सही केली. बालाजीनं हात पुढं केला तर कागद दिला नाही. "मी घेऊन येतो. चल."

कानावर पेन्सिल होती. त्यांनी पिशवी पण उचलली. ती कशाला, ते मला कळलं नाही, म्हणून मागं गेले.

बालाजीच्या घरात तनुजा कोपऱ्यात बसली होती. भाईंनी कागद तिच्या हातात दिला, बापाच्या नाही. मग टीव्हीजवळ गेले, भिंतीवरून उतरवला, पलंगावर पालथा घातला आणि स्क्रू काढायला लागले.

"बिघडला न्हाई तो," बालाजी म्हणाला.

भाईंनी एकेक स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला. झाकण उचललं. आतली पांढरी पट्टी, वर '१९९४ पासून. नासिर.' खाली पाच तारखा, प्रत्येकीपुढं नाव.

"तनुजा बेटा, रबर हाय का?"

पोरीनं कंपासपेटी उघडली. भाईंनी रबर घेतलं आणि सावकाश, कागद फाटणार नाही अशा बेतानं, एकेक नाव पुसलं. तारखा ठेवल्या. शेवटी वरच्या ओळीपाशी आले. '१९९४ पासून' तसंच ठेवलं. पुढचं पुसलं.

"नासिर, काय करून राहिला? एवढं काय झालं?" बालाजीचा आवाज आता वेगळा होता. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात, कणकेचे हात तसेच. ती बालाजीकडं बघत होती.

"काम केलं ते केलं, म्हणून तारीख हाय," भाई म्हणाले. "जिम्मा न्हाई आता."

रबराचा चुरा फुंकरीनं उडवला. माझ्या हातातले स्क्रू घेतले, सगळे बसवले, एक सुद्धा ढिला ठेवला नाही. टीव्ही भिंतीवर टांगला, चालू करून बघितला, बंद केला. बालाजी वाटेत उभा होता. त्याच्या बाजूनं निघून गेले.

तनुजाचा टॅब चौथ्या दिवशी चालू झाला. ती आता घरी एकटी बसते. उजमा इतक्या महिन्यांच्या वह्या घेऊन वाचनालयात जाते. पुनम आणि बाकीच्या तिघी यायच्या थांबल्या. मी साखराबाईच्या दारात तीनदा गेले. तिसऱ्यांदा तिनं दार उघडलं, पण बस म्हणाली नाही.

एक राहिलं. त्या दिवशी बालाजीच्या घरातून निघताना नासिरभाई उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. मला वाटलं, आता बोलणार, फुटणार. ते तनुजापाशी गेले. मूठ उघडली. रबर होतं.

"ठेव," म्हणाले. "आकृत्या काढायला लागंल."